तेल सोडून गॅस घ्यावा का?

प्रश्न : आमचं घर तेलाच्या बॉयलरवर तापतं. बॉयलर म्हातारा झालाय आणि आता दारापर्यंत गॅसची लाइन आली आहे. शेजारी म्हणतात, गॅस स्वस्त पडतो. बदलू का?

उत्तर : शेजाऱ्यांचं लगेच ऐकू नका. लिटर आणि घनमीटर यांची थेट तुलना होत नाही. दोन्ही आधी वीजबिलावरच्या युनिटमध्ये आणा. लिटरभर तेलात साधारण १० युनिट उष्णता असते, घनमीटरभर नैसर्गिक वायूतही जवळपास तेवढीच. टाकीतल्या एलपीजीच्या लिटरमध्ये मात्र सातच. मग बॉयलरची कार्यक्षमता धरा : जुन्याची बहुधा ७०-७५ टक्के, नव्या कंडेन्सिंगची, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्याची, ९०च्या आसपास. म्हणजे बरीचशी बचत नव्या यंत्राची, आणि श्रेय फुकटात गॅसला! म्हणून नव्या तेल-बॉयलरचंही कोटेशन मागवाच. हीट पंपाचंही मागवा. तो बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात खेचतो, म्हणून एक युनिट वीज खाऊन तीनेक युनिट उष्णता देतो, फक्त खोल्या तापवणाऱ्या तुमच्या रेडिएटरांचं कोमट पाण्यावर भागायला हवं.

चिमणीचा खर्च कोटेशनात धरलाय का, ते बघा. कंडेन्सिंग बॉयलरचा धूर ओला आणि आम्लयुक्त असतो, विटांच्या जुन्या चिमणीत तो तसाच सोडता येत नाही. आणि टाकी काढलीत तर भिंतीबाहेरचा तेल भरायचा पाइपही काढायला लावा. तो राहिला, तर पत्ता चुकलेला टँकरवाला थेट तुमच्या तळघरात तेल ओतून जायचा.