"आज दुखतंय का गं?"

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग ती नाटक करते का हो?" या महिन्यात तिसऱ्या आईने मला हे विचारलं, म्हणून सहावीतल्या एका मुलीबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चार महिने रोज सकाळी बेंबीभोवती दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, आजीने बेंबीभोवती हिंगाचा लेप लावून पाहिला. आठवड्यातले दोन दिवस शाळा बुडत होती.

नाटक नाही, दुखणं खरं आहे, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. जॉन अ‍ॅपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी छापली. साधारण दहातल्या एका मुलाचं पोट असं वरचेवर दुखत होतं आणि त्यातल्या फारच थोड्यांत शारीरिक आजार सापडला.

अशा वेळी मी पोटाबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त विचारते. घरात कुणाला जुनं दुखणं आहे? आईला अर्धशिशी होती. झोप? रात्री बारा, आणि शाळा सातची. शाळेत काही बदललं? जूनमध्ये तुकडी बदलली, जिवलग मैत्रीण दुसऱ्या वर्गात गेली. यातलं एकेक मूल सोसतं, पण सगळं एकदम आलं की शरीर बोलायला लागतं.

चौथ्या भेटीत आई बाहेर बसली होती. "उठल्या उठल्याच दुखतं का?" मी विचारलं.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "नाही. आई विचारते ना, 'आज दुखतंय का गं?' मग मी आत बघते. बघितलं की दुखतं."

इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा कल आधीपासूनच मुलाइतकंच घराकडे पाहण्याचा, आणि त्या दिवशी तो पक्का झाला. अमेरिकेत लिन वॉकर यांनी २००६ मध्ये हेच दाखवलं होतं. मुलांना पोट तडस लागेपर्यंत पाणी पाजलं. पालक दुखण्याची विचारपूस करत राहिले तिथे तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, दुसऱ्या गप्पांत रमवलं तिथे निम्म्यावर आल्या.

आईला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. "माझं डोकं फुटायचं तेव्हा माहेरी कुणी विचारायचं नाही. म्हणून मी विचारते."

तिची माया कमी करायची नव्हती, तिची वेळ बदलायची होती. सकाळचा प्रश्न बंद. दुखलं तर दहा मिनिटं पडायचं, मग शाळा, निदान दोन तास तरी. दुपारी घरी आल्यावर आईचा अर्धा तास फक्त तिचा, दुखो वा न दुखो. मोबाइल साडेनऊला स्वयंपाकघरात. पहिला आठवडा कठीण गेला, दुखणं वाढल्यासारखं वाटलं. सहाव्या आठवड्यात पूर्ण हजेरी लागली.

मात्र वजन घटत असेल, रात्री झोपेतून दुखून जाग येत असेल, शौचातून रक्त, सारख्या उलट्या किंवा ताप असेल, दुखणं बेंबीपासून दूर एकाच जागी असेल, तर माझ्याकडे नंतर या. आधी डॉक्टरांकडे जा.