‘त्याच्याकडे बघ जरा’ म्हणण्याआधी

“देवानं हातीपायी धड ठेवलंय, तरी याची कुरकुर संपत नाही.” नववीतल्या मुलाला समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आलेली आई वैतागून सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा वर्गात सगळ्यात बुटका. मैदानावर जाणं बंद, फोटोत उभं राहणं बंद. डॉक्टरांनी तपासून वाढ व्यवस्थित असल्याचं सांगितलं होतं. काही मुलांची उंची उशिरा वाढते, हेही समजावलं होतं. तरी त्याची समजूत पटेना. मग आईनं घरोघरी चालतो तो उपाय केला. त्याच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेला एक मुलगा आहे, कुबड्या घेऊन चालतो. “त्याच्याकडे बघ जरा, म्हणजे तुला काय काय मिळालंय ते कळेल.”

पालक हे चांगल्या हेतूनंच बोलतात. तरीही बोलू नका, असंच मी सांगते. मुलाशी एकट्याशी बोलले तेव्हा तो म्हणाला, “मी त्याच्याकडे बघतच नाही. बघितलं की आईचं बोलणं आठवतं.” उंचीचं दुःख होतं तिथंच राहिलं, वर अपराधी वाटू लागलं, आणि वर्गमित्राशी बोलणंही तुटलं. आपलं आयुष्य दुसऱ्याला समाधान वाटावं म्हणून दाखवलेलं चालेल का, हे त्या मुलाला तर कुणी विचारलंच नव्हतं.

बोलताना त्याच्या नखांत काळं वंगण दिसलं. सायकलची चेन उतरली होती, येताना त्यानंच बसवली होती. चेन सैल झाली की आवाजाआधी पायाला कळतं, हे सांगताना तो पहिल्यांदा खुलला. मी त्याला सांगितलं, शरीर कसं दिसतं ते आठवडाभर बाजूला ठेव. रोज रात्री शरीरानं आज काय केलं ते लिही. त्याच्या वहीतली एक नोंद मला फार आवडली: “आजीला जिना उतरवला. माझा खांदा बरोबर तिच्या हाताखाली येतो. बाबांचा येत नाही.”

बाबांनी विचारलं, “पॅरालिम्पिकचे, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धांचे, व्हिडिओ दाखवू का?” जरूर दाखवा. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गला झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. मुलांना हे माहीत हवंच. पण मान मिळायला वर्गातल्या त्या मुलानं पदक कशाला आणायला हवं?

त्या वर्गमित्राशी कसं वागायचं, हा प्रश्न मात्र मुलाचा स्वतःचा होता. मी एवढंच म्हटलं, मदत करण्याआधी विचार, कुबडीला न विचारता हात लावू नकोस, आणि तो ‘नको’ म्हणाला तर ऐक. पुढच्या वेळी येऊन त्यानं सांगितलं, “दप्तर घेऊ का विचारलं. तो म्हणाला, नको, फक्त जिन्यात कठड्याच्या बाजूनं चालू नका, तो मला लागतो.” इतके दिवस सगळी पोरं कठड्याला धरूनच धावत होती.

नववीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. मान्यताप्राप्त शाळांनी इमारत दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येईल अशी करावी, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. हे आईला सांगितल्यावर तिनं पालकसभेत विषय काढला. त्या मुलाच्या आईशी आधी बोलून, तिच्या सोबत. दिवाळीनंतर वर्ग तळमजल्यावर आला.