कॅमेरा आणि तुम्ही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जानेवारीत ऑफिसच्या कामाने चेन्नईला चाललोय, शनिवार-रविवार मोकळा आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स आणि 70-300 ची झूम लेन्स आहे. पक्षी पण हवेत आणि जुनी चर्च पण. जमेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: जमेल, आणि महिना पण एकदम बरोबर निवडलात. तिकडचा मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नसतो, ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, त्यामुळे जानेवारीत तळी भरलेली, हवा धुतलेली आणि पक्षी घरट्यांवर असा सगळा योग जुळून येतो.

शनिवार पूर्ण वेदांथंगलच्या पक्षी अभयारण्याला द्या. शहरापासून साधारण 75-80 किलोमीटर, तळ्यात बुडालेली झाडं आणि त्यांच्यावर चित्रबलाक, उघडचोच, कुदळ्या, रातबगळे यांची नुसती दाटी. बांधावरून चालत फोटो काढता येतात, कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा (क्रॉप सेन्सर) असेल तर पक्षी मोठा दिसतो आणि 300 मध्ये निभतं. दुपारी चारनंतर थांबाच, पक्षी थव्याने परत येतात, तेव्हा शटरचा वेग 1/1600 सेकंदापेक्षा कमी करू नका, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) वाढला तर वाढू दे. आणि ही जागा टिकली ती गावकऱ्यांमुळे हे मला फार महत्त्वाचं वाटतं: ब्रिटिश शिपाई पक्षी मारायला लागले तेव्हा लोक थेट कलेक्टरकडे गेले आणि 1798 मध्ये पक्षी राखायचा हक्क मिळवून आले, कारण विष्ठेने तळ्याचं पाणीच खत होतं आणि तेच शेतात जातं. म्हणून फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो, घरट्यात पिल्लं असतात हो.

रविवारी पहाटे पल्लिकरणै. शहरातलीच, 2022 मध्ये रामसार या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेली दलदल, चहूबाजूंनी आयटी कंपन्या, शेजारी कचरा डेपो आणि मधे पेलिकन, जांभळ्या पाणकोंबड्या. मागची बिल्डिंग फ्रेममधून काढायच्या मागे लागू नका, तीच तर तिथली खरी गोष्ट आहे. फक्त भर रस्त्यावर गाडी थांबवू नका, ट्रॅफिक वेगात असतं. गिंडीत काळवीट आणि चितळ आहेत, पण राष्ट्रीय उद्यान जेमतेम 2.7 चौरस किलोमीटर आणि आतल्या जंगलात असंच शिरता येत नाही, त्यामुळे या वेळी सोडून द्या.

चर्चसाठी रविवारची प्रार्थना संपल्यावर, दुपारी. दोनच निवडा. एग्मोरचं सेंट अँड्र्यूज कर्क, 1821 चं, आत गोल घुमट आणि वर निळ्या रंगावर चांदण्या. किट लेन्स 18 वर, म्हणजे सगळ्यात रुंद ठेवा, परवानगी विचारून कॅमेरा घुमटाच्या बरोबर खाली जमिनीवर उताणा ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, ट्रायपॉडपेक्षा सरळ फोटो येतो. दुसरं सॅन थोम, येशूचे शिष्य सेंट थॉमस यांची समजल्या जाणाऱ्या समाधीवरचं. आत्ताची पांढरी इमारत 1896 ची. फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यातलं सेंट मेरीज चर्च 1680 चं आहे, तोफगोळे झेलायला छत लाकडाचं न करता विटांच्या जाड कमानीचं केलंय, बघण्यासारखं आहेच, पण तिथे सचिवालय आणि लष्कर असल्याने ओळखपत्र न्या आणि फोटोचं आधी गेटवर विचारा.

एक लक्षात ठेवा, हॉटेलच्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. निघायच्या आधी अर्धा तास बॅगेत बंद ठेवूनच एसीबाहेर ठेवा.

प्रश्न: मी चेन्नईतच राहते. सॅन थोमचे फोटो मळकट राखाडी येतात आणि बगळ्याचा मात्र नुसता पांढरा डाग, पिसं दिसतच नाहीत. कॅमेरा बिघडलाय का? – एक वाचक, चेन्नई

उत्तर: कॅमेरा ठणठणीत आहे ताई. कॅमेऱ्याला सगळं जग मधल्या राखाडी उजेडाचं वाटतं. पांढऱ्या भिंतीने फ्रेम भरली की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) +0.7 ते +1 करा. बगळा फ्रेममध्ये छोटा आणि मागे काळं पाणी, तिथे बरोब्बर उलटं होतं, कॅमेरा पाण्याकडे बघून उजेड वाढवतो आणि बगळा जळून जातो, मग -1 करा. म्हणजे दोन्ही पांढरेच, पण उपाय उलटे. सकाळी नऊनंतर बगळा टाळाच, ते ऊन कुठल्याच सेटिंगला ऐकत नाही.

प्रश्न: चेन्नईतल्या बेझंट नगरच्या बीचवर रात्री कासवं येतात म्हणे, फ्लॅश चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: अजिबात नाही, मोबाईलचा टॉर्चसुद्धा नाही. उजेड दिसला की ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी अंडी न घालता माघारी फिरू शकते, आणि पिल्लं तर उजेडाकडेच चालत जातात, समुद्र सोडून रस्त्याकडे. तिथे स्वयंसेवक रात्री किनाऱ्यावर फिरून अंडी सुरक्षित जागी नेतात, त्यांच्याबरोबर कॅमेरा बॅगेत ठेवून नुसते चाला. फोटोच हवा असेल तर तुम्हाला आपलं कोकणातलं वेळास जवळ आहे, तिथे पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी उजेडात सोडतात, 70-300 घेऊन दोरीच्या अलीकडे वाळूवर पालथे पडा.