जेक्वेरीसाठी संदर्भ पुस्तक कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: बीसीए झाल्यावर तालुक्यातल्या एका कॉलेजची आणि एका कृषी केंद्राची वेबसाइट सांभाळायचं काम हाती आलं. दोन्हीकडे जेक्वेरी आहे, म्हणजे वेबपान हलतं-बोलतं करणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतली तयार कोडची लायब्ररी. गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून टेबलावर उघडं ठेवता येईल असं संदर्भ पुस्तक हवं आहे. बजेट सहाशे-सातशे रुपये.

माझं स्पष्ट मत आहे की जेक्वेरीचं छापील संदर्भ पुस्तक घेऊ नका. जेक्वेरीची अधिकृत माहिती एकदा उतरवून घ्या आणि पुस्तकाचे पैसे जावास्क्रिप्टसाठी राखून ठेवा. मीही तुमच्यासारखाच गावाकडे, यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडे बसून हीच कामं करतो. लाईन गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो, पावसाळ्यात डीपी उडाली तर विचारायलाच नको. त्यामुळे "सगळं नेटवर आहे, पुस्तक कशाला" असं मी तुम्हाला म्हणणार नाही. कामाच्या वेळी हाताशी संदर्भ लागतोच. फक्त बाजारात मिळणाऱ्या जेक्वेरीच्या पुस्तकांनी तुमचं काम अडेल, आणि ते कसं तेही सांगतो.

जेक्वेरी २००६ साली जॉन रेसिग यांनी आणली. तिच्यावरची बहुतेक पुस्तकं त्यानंतरच्या सात-आठ वर्षांतली, आणि नेमकी याच काळात ती झपाट्याने बदलत होती. तुमच्या कामातलंच उदाहरण घेऊ. कृषी केंद्राच्या साइटवर बियाण्याच्या मागणीचा फॉर्म आहे समजा. "आणखी एक ओळ" दाबलं की वाणाचं नाव, बॅगांची संख्या आणि "काढा" बटण असलेली नवी ओळ तयार होते. पहिल्या ओळीचं "काढा" चालतं, नव्या ओळीचं दाबलं तर काहीच होत नाही. कारण पान उघडलं तेव्हा जी बटणं होती, त्यांनाच क्लिकचं काम जोडलं गेलं. नंतर जन्मलेल्या बटणाला ते माहीतच नाही.

आता यावर २०१० सालचं पुस्तक उघडलं तर ते "लाइव्ह" वापरा म्हणेल. तुम्ही लिहाल, आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरात येईल: लाइव्ह इज नॉट अ फंक्शन. ही पद्धत जानेवारी २०१३ च्या १.९ आवृत्तीतून काढून टाकली आहे. तिच्या जागी "ऑन" आहे, जी १.७ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०११ मध्ये आली. क्लिक बटणाला जोडायचा नाही, आधीपासून पानावर असलेल्या टेबलला जोडायचा, आणि "ऑन"ला दुसरा घटक म्हणून "काढा" बटणाचा सिलेक्टर, म्हणजे ते बटण ओळखायची खूण, द्यायचा. क्लिक बटणावरून वर टेबलपर्यंत चढत येतो, तिथे टेबल बघतं की हा कुठल्या बटणावरून आला. मग ओळ आत्ता जन्मली असो की सकाळी, काम होतं. २०१० च्या पुस्तकात हे असूच शकत नाही, आणि त्यात लेखकाचा काही दोष नाही.

हे एकटं नाही. चेकबॉक्सवर टिक आहे का हे बघायला जुनी पुस्तकं "अ‍ॅट्र" सांगतात. २०११ च्या १.६ पासून त्यासाठी "प्रॉप" आहे. "साइझ" ३.० मध्ये गेलं, आता "लेंग्थ". एजॅक्सच्या (पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवण्याच्या) कॉलपुढे साखळीत जोडलेलं "सक्सेस" आणि "एरर" त्याच ३.० मध्ये, २०१६ साली, गेलं. तिथे "डन" आणि "फेल" लिहायचं. सेटिंगच्या आत लिहिलेलं "सक्सेस" मात्र अजून चालतं, तेव्हा ते दिसलं म्हणून घाईने बदलू नका.

तरीही नागपूरला बर्डीवर किंवा अमरावतीला एखादं जुनं पुस्तक स्वस्तात दिसलं आणि घ्यावंसं वाटलंच, तर मुखपृष्ठावर जाऊ नका. आतलं कॉपीराइटचं पान बघा. भारतीय पुनर्मुद्रणाचं साल वेगळं आणि मूळ आवृत्तीचं साल वेगळं असतं. पुस्तक २०१४ ला छापलेलं आणि मजकूर २०१० चा, असं सर्रास सापडतं. मग मागची सूची उघडा आणि "ऑन", "प्रॉप", "डन" हे तीन शब्द शोधा. तिघांपैकी एक जरी नसेल तर पुस्तक खाली ठेवा. "जेक्वेरी इन अ‍ॅक्शन" हे त्यातलं नावाजलेलं पुस्तक, त्याच्या २००८, २०१० आणि २०१५ अशा तीन आवृत्त्या आहेत. घ्यायचंच तर तिसरी, पहिल्या दोन फुकट मिळाल्या तरी कामाला नकोत.

संदर्भ म्हणून एखादी नोंद चांगली की वाईट हे ओळखायलाही एक जागा आहे. "व्हॅल" आणि "टेक्स्ट" या दोन नोंदी वाचा. पानावर पाच चौकटी निवडल्या आणि "व्हॅल" विचारलं, तर फक्त पहिल्या चौकटीत भरलेली किंमत (व्हॅल्यू) मिळते. तीच किंमत "व्हॅल"मधून द्यायची म्हटलं, तर ती पाचही चौकटींत भरली जाते. "टेक्स्ट" मात्र वाचतानाही सगळ्या घटकांचा मजकूर एकत्र जोडून देतं. कामात माणूस अडतो तो अशाच ठिकाणी. शिकवणारं पुस्तक हे ओलांडून पुढे जातं, कारण त्याला धडा पूर्ण करायचा असतो. संदर्भात हे पहिल्या दोन-तीन ओळींत हवं: काय द्यायचं, काय परत येतं, कोणत्या आवृत्तीपासून.

जेक्वेरीची अधिकृत एपीआय माहिती, म्हणजे तिच्या सगळ्या पद्धतींची नोंदवही, अगदी अशीच लिहिलेली आहे. प्रत्येक पद्धतीसमोर ती कोणत्या आवृत्तीत आली ते लिहिलेलं असतं, बाद झाली असेल तर तेही. नेटशिवाय ती वाचायला डेव्हडॉक्स वापरा. ही मोफत साइट ब्राउझरमध्येच माहिती साठवते. तालुक्याला गेलात की चांगल्या नेटवर तिच्या ऑफलाइन विभागात जाऊन जेक्वेरी, जावास्क्रिप्ट, एचटीएमएल, सीएसएस आणि डॉम (ब्राउझरच्या आतली पानाची रचना) एवढं उतरवून घ्या. पुढे नेट नसलं तरी शोधता येतं, मोबाइलवरही. ब्राउझरचा डेटा साफ केला तर मात्र हे सगळं पुसलं जातं. लॅपटॉपवर त्याऐवजी झील नावाचा प्रोग्राम टाकला तर ती चिंता नाही. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतो.

आणि कागदच हवा असेल, तर त्याची सोय तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे आहे. ऑन, प्रॉप, व्हॅल, क्लोजेस्ट, एजॅक्स, ईच अशा रोज लागणाऱ्या नोंदींची पानं छापा, स्पायरल बाइंडिंग करा. टेबलावर सपाट उघडं राहतं, पेनाने शेजारी मराठीत टिपा लिहिता येतात. इंग्रजीची धास्ती असेल तर हे वहीसारखं वापरा. नोंदींची भाषा ठरावीक असते, तेच पंचवीस-तीस शब्द फिरून येतात.

आता राखून ठेवलेल्या पैशांचं. जावास्क्रिप्टचा संदर्भ म्हणून मी डेव्हिड फ्लॅनगन यांचं "जावास्क्रिप्ट: द डेफिनिटिव्ह गाइड" सांगेन, सातवी आवृत्ती, २०२०. कुणी तुम्हाला सहावी घ्या म्हणेल, कारण तिच्यात जेक्वेरीवर वेगळं प्रकरण आहे आणि सातवीत ते नाही. पण सहावी २०११ च्या मेमधली, म्हणजे "ऑन" येण्याआधीची. ज्या प्रकरणासाठी घ्याल तेच जुनं निघेल. सातवी नवी कोरी तुमच्या बजेटमध्ये बसणं अवघड आहे. सेकंडहँड बघा, किंवा कॉलेजचंच काम करताय तर ग्रंथपालांना मागणीपत्र द्या, वर्षाच्या खरेदीत एक प्रत सहज बसते. तोवर मरेन हावरबेके यांचं "एलोक्वंट जावास्क्रिप्ट" त्यांच्या साइटवरून मोफत उतरवा. त्याची चौथी आवृत्ती २०२४ ची आहे. ते शिकायचं पुस्तक आहे, संदर्भाचं नाही, पण सराव चांगला करून घेतं.

जावास्क्रिप्टवर इतका जोर एवढ्यासाठी की तुमच्या दोन साइटच्या पलीकडे काम त्याच दिशेने जातंय. साइटच्या मांडणीसाठी वापरतात त्या बूटस्ट्रॅपने २०२१ मध्ये पाचव्या आवृत्तीत जेक्वेरीची गरजच काढून टाकली. आणि जेक्वेरीत अडलं असं वाटतं तेव्हाही अनेकदा अडलेलं असतं ते "धिस" (आत्ता कोणत्या घटकावर काम चाललंय ते सांगणारा शब्द) किंवा कॉलबॅकपाशी (नंतर चालवायला दिलेलं फंक्शन), म्हणजे भाषेपाशीच.

साइट वर्डप्रेसवर असेल तर एक गोष्ट आधीच बघून घ्या. तिथे जेक्वेरीचं छोटं नाव म्हणून वापरतात ते डॉलरचं चिन्ह थेट चालत नाही, त्या जागी पूर्ण "जेक्वेरी" लिहावं लागतं. पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवून ते चाललं नाही, तर बऱ्याचदा कारण एवढंच असतं.

पुढचं सांगण्याआधी मला दोन्ही साइटच्या आवृत्त्या कळायला हव्यात. साइट उघडा, एफ१२ दाबा, कन्सोलमध्ये जेक्वेरी डॉट एफएन डॉट जेक्वेरी (jQuery.fn.jquery, फक्त पहिल्या शब्दातला क्यू मोठा) लिहून एंटर करा. जो आकडा येईल तो इथे खाली लिहा. ३ ने सुरू होत असेल तर वर सांगितलेलं तसंच्या तसं लागू. १.८ किंवा त्याआधीचा निघाला, तर फाइल थेट बदलू नका. आधी मायग्रेट प्लगइनची (जुना कोड नव्या जेक्वेरीवर चालवून इशारे देणारी जोडफाइल) १ ची आवृत्ती जोडून १.१२ पर्यंत या, कन्सोलमधले इशारे एकेक करून मिटवा, आणि मगच मायग्रेट ३ लावून जेक्वेरी ३ वर जा. कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस सोडून हे काम काढा.