उत्तर: बाळाबद्दल भलते विचार येतात, मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की बाळाला कुशीत घेतलं की डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. सुरी दिसली की तुम्ही ती खणात लपवता, रात्री दाराची कडी पुन्हापुन्हा बघून येता आणि तरी खात्री होत नाही. मानसशास्त्रज्ञाकडे जावंसं वाटतं, पण हे तोंडातून बाहेर पडलं तर बाळ आपल्यापासून तोडतील अशी भीती आहे. शिवाय किती सेशन्स लागतील, गोळ्या सुरू होतील का, घरी कळेल का, हे प्रश्न आहेतच. वाचताना अंगावर काटा आला, कारण हे जवळजवळ सगळं मी भोगलेलं आहे. माझ्या बाबतीत ते बाळ म्हणजे माझी भाची. तिच्याबरोबर एका खोलीत एकटं थांबायचं मी कितीतरी काळ टाळत होते.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. निदान त्यांनीच करायचं. पुढे जे लिहिते आहे ते उपचार घेतलेल्या माणसाचं मत आहे आणि ते ठाम आहे, तेव्हा तेवढं लक्षात ठेवून वाचा.

जावं की नाही यावर मी वेळ घालवत नाही. जाच. "तिथे जाणारी माणसं वेगळी असतात का" वगैरे चर्चाही सोडून देते. मला बोलायचंय ते कोणाकडे जायचं आणि तो माणूस तिथे नेमकं काय करणार, याबद्दल. माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं.

मी आधी एका समुपदेशन केंद्रात जात होते. नाव घेणार नाही. तिथल्या समुपदेशक बाई मनापासून प्रेमळ होत्या. मी आठवड्याभरात आलेले विचार सांगायचे, त्या शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही असं कधीच करणार नाही. तुमचं भाचीवर किती प्रेम आहे!" मग लहानपण, आईशी असलेलं नातं, दबलेला राग, असं बरंच काही बोलणं व्हायचं. बाहेर पडताना हलकं वाटायचं. ते हलकेपण संध्याकाळपर्यंत टिकायचं. रात्री शंका परत यायची आणि नव्या रूपात यायची: "त्यांना मी सगळं नीट सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्या असं म्हणाल्या असत्या का?" मग पुढच्या सेशनची वाट बघायची, त्यांच्याकडून तेच वाक्य पुन्हा ऐकायला.

मला ओसीडी होता, म्हणजे मंत्रचळ. तुम्हाला तोच आहे असं मी म्हणत नाही, पण तपासून घ्यावं इतकं तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. या आजारात नकोसा विचार येतो, भीती वाटते आणि ती भीती घालवायला आपण काहीतरी करतो. कडी तपासतो, सुरी लपवतो, मनातल्या मनात "मी असा माणूस नाही" असं घोकतो किंवा कोणाला तरी विचारून खात्री करून घेतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच मेंदू शिकतो की विचार खरोखर धोक्याचा होता, आपण काहीतरी केलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी जोरात ओरडतो. म्हणजे केंद्रात मला दर आठवड्याला मिळणारा धीर हा कडी तपासण्याचाच एक प्रकार होता, फक्त तो मी पैसे भरून आणि वेळ ठरवून घेत होते. त्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच.

मला राग येतो तो केंद्रावर. मी विचारलं होतं की माझ्या त्रासाला काय म्हणतात आणि त्यावर कोणती पद्धत वापरताय. समन्वयकाने सांगितलं की आम्ही लेबलं लावत नाही, आमची पद्धत सर्वसमावेशक आहे. फरक पडत नाही असं म्हटल्यावर उत्तर मिळालं की तुमचा प्रक्रियेवर विश्वास कमी पडतोय, पुढचं पॅकेज घ्या. सोडताना मी झालेल्या कामाचा लेखी गोषवारा मागितला, तर तो देण्याची पद्धत नाही म्हणाले. एका ओळीत "हा ओसीडी वाटतो, आमच्याकडे याचं प्रशिक्षण नाही, तुम्ही दुसरीकडे जा" असं सांगितलं असतं तर माझे अनेक महिने वाचले असते. पैसे आणि वेळ यांचं मी समजू शकते. पण "थेरपीसुद्धा केली, माझ्यावर तीही चालत नाही" ही समजूत घेऊन मी तिथून बाहेर पडले. त्या समजुतीमुळे दुसऱ्या दारापर्यंत जायला मला फार उशीर झाला. ते मी अजून माफ केलेलं नाही.

म्हणून तुम्ही पहिल्याच फोनवर विचारा: ओसीडीच्या लोकांवर तुम्ही उपचार करता का, आणि ईआरपी करता का? ईआरपी म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला ठरवून, पायरीपायरीने सामोरं जायचं आणि भीती घालवणारी कृती मात्र करायची नाही. ही काही नवी टूम नाही. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली दोन रुग्णांवर हा प्रकार करून त्याबद्दल लिहिलं, आणि आज ओसीडीसाठी बोलण्याच्या उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा याच पद्धतीमागे आहे. समोरचा माणूस "ते काय असतं?" म्हणाला, किंवा "आपण आधी भेटू, मग बघू" एवढंच म्हणाला, तर आभार मानून दुसरा फोन लावा. नुसतं "सीबीटी करतो" (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) हेही पुरेसं नाही. त्यात विचारांशी वाद घालून त्यांना खोटं ठरवण्यावरच भर असेल, तर ओसीडीत तो वादसुद्धा खात्री करून घेण्याची कृती होऊन बसतो. (नैराश्य, नात्यातले ताण, दुःख अशा गोष्टींसाठी मात्र शांतपणे ऐकून घेणारा समुपदेशक फार मोलाचा असतो. माझं म्हणणं फक्त या एका आजारापुरतं आहे.)

आता तुमची मुख्य भीती. हे बोललं तर बाळ काढून घेतील का? बाळाला इजा होईल असे नकोसे विचार बहुतेक नव्या आईवडिलांना कधी ना कधी येतात. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा या संशोधकांनी आजारी नसलेल्या लोकांना असे विचार येतात का ते विचारलं. बहुसंख्यांनी हो म्हटलं, आणि त्यांचे विचार व रुग्णांचे विचार शेजारी ठेवले तर कोणते कोणाचे हे तज्ज्ञांनाही सहज सांगता येईना. फरक विचारात कमी आणि आपण त्याला काय किंमत देतो यात जास्त असतो. ओसीडीची माहिती असलेल्या माणसाने असे विचार शेकड्याने ऐकलेले असतात. माझ्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी माझं सगळं ऐकून भुवईही उंचावली नाही, फक्त विचारलं, "आणि हा विचार आल्यावर तुम्ही काय करता?" केंद्रात हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

गुप्ततेचे नियम देशागणिक थोडे वेगळे असतात, पण साधारणपणे कोणाच्या जिवाला खरा आणि जवळचा धोका असेल, मुलाचा छळ होत असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तरच ती मोडता येते. स्वतःलाच घाबरवणारा, किळस आणणारा विचार आणि इरादा या वेगळ्या गोष्टी आहेत. अननुभवी माणूस त्यांची गल्लत करू शकतो, हा धोका मी नाकारत नाही. अनुभवी माणूस शोधा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. सुरुवात अशी करा: "मला नको असलेले विचार येतात, ते मला भयंकर वाटतात, त्यांच्यामुळे मी बाळापासून दूर राहतो किंवा राहते." मग तपशील सांगा. गुप्ततेच्या मर्यादा त्यांनाच पहिल्या दहा मिनिटांत विचारून घ्या. चांगले लोक विचारायच्या आधीच सांगतात. घरच्यांचंही तसंच. तुम्ही सज्ञान आहात, तुमच्या परवानगीशिवाय घरी फोन जायला नको.

एक अपवाद मात्र ठळकपणे लिहिते. बाळंतपणानंतर आईला आवाज ऐकू येत असतील, बाळाबद्दल विचित्र गोष्टी खऱ्या वाटू लागल्या असतील, दिवसेंदिवस झोप न येताही थकवा जाणवत नसेल, गोंधळलेपण असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार असू शकतो. किंवा जगणं संपवावंसं वाटत असेल, कसं करायचं ते मनात ठरत असेल. अशा वेळी अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी कुठेही "तुम्ही असं काही करणार नाही" असं लिहिलेलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही. तुम्हाला ते वाक्य हवंय हे मला कळतं, मलाही तेच हवं असायचं. याच कारणाने, हे उत्तर एकदा वाचा, फार तर दोनदा. रात्री शंका आली म्हणून पुन्हा उघडू नका, आणि इंटरनेटवर लक्षणं शोधत बसू नका. तो शोध म्हणजेही कडी तपासणंच.

प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते, कारण मला ते आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या एकदोन भेटी माहिती घेण्यात जातात. येल-ब्राउन नावाची प्रश्नावली १९८९ पासून वापरात आहे. त्यात १० प्रश्न आणि ० ते ४० गुण असतात. ती भरून घेतली तर उत्तम, कारण काही आठवड्यांनी तीच परत भरून आकडा उतरतोय का ते बघता येतं. मग भीतींची उतरंड लिहायची, सोप्यापासून अवघडाकडे. माझ्या यादीत खाली होतं: कडी एकदा लावायची आणि मागे न बघता झोपायला जायचं. मधे होतं: भाचीला मांडीवर घेऊन बसायचं आणि विचार आला तरी तिला कोणाकडे द्यायचं नाही. सर्वांत वर होतं: ती शेजारी खेळत असताना सुरीने फळ कापायचं. हे सगळं घरी रोज करायचं असतं, सेशनमध्ये फक्त दिशा मिळते. सुरुवातीला त्रास वाढतो. मीही दुसऱ्या आठवड्यात सोडून द्यायच्या बेतात होते. पण त्याच वेळी पहिल्यांदा असं झालं की विचार आला, भीती आली, मी काहीच केलं नाही आणि भीती आपली आपण उतरली. कोणी धीर दिला नव्हता. साधारणपणे आठवड्याला एक अशी १२ ते २० सेशन्स धरून चाला, कमीजास्त होऊ शकतं. सहासात सेशन्सनंतरही घरचा अभ्यास मिळत नसेल, आकडा हलत नसेल, तर स्पष्ट विचारा.

घरच्यांबद्दल: सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण निदान पक्कं झाल्यावर जोडीदाराला एका सेशनला न्यावं असं माझं मत आहे. आपण त्यांना सारखं विचारत असतो, "मी काही केलं नाही ना?" आणि तेही प्रेमापोटी उत्तर देत असतात. माझी बहीण तर माझ्यासाठी सुऱ्या लपवून ठेवायची. नंतर तिने ठरवल्याप्रमाणे "मला माहीत नाही, पण तू हे सहन करू शकतेस" एवढंच म्हणायला सुरुवात केली. मला तिचा भयंकर राग आला. त्याचा उपयोगही तितकाच झाला.

गोळ्यांचं थोडक्यात. बहुतेक ठिकाणी त्या मानसशास्त्रज्ञ नाही, मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर, लिहून देतात. सगळ्यांना लागतातच असं नाही. ओसीडीत एसएसआरआय गटातल्या, नैराश्यावरही देतात त्याच गोळ्या देतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात आणि डोस बरेचदा नैराश्यात लागतो त्यापेक्षा जास्त लागतो, म्हणून तीन आठवड्यांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. मनाने अचानक बंद तर अजिबात करू नका. अंगावर पाजत असाल तर ते पहिल्यांदा सांगा, त्यानुसार औषध निवडता येतं. मी काही काळ घेतल्या, त्यामुळे घरचा अभ्यास करण्याइतकं डोकं शांत राहिलं. कोणाला हे पटणार नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

ऑनलाइन सेशन घेणार असाल तर चालतं. ईआरपीला ते काही वेळा जास्तच सोयीचं पडतं, कारण सुरी आणि कडी तुमच्याच घरात असतात. फक्त दार बंद होणारी खोली आणि इअरफोन हवेत, आणि त्या तासापुरतं बाळ कोणाकडे तरी द्या, ते भीतीपोटी बाळाला टाळणं धरलं जात नाही. फोन लावायला जीभ वळत नसेल तर मेसेज करा: "मला नकोसे विचार आणि तपासण्याची सवय यांचा त्रास आहे. तुम्ही ईआरपी करता का? पहिली भेट कधी मिळेल?" सगळी कहाणी त्यात लिहायची गरज नाही. दोघातिघांना एकाच दिवशी पाठवा, कारण अनुभवी लोकांकडे अनेकदा प्रतीक्षा यादी असते, आणि तुमचं नाव तिच्यात लवकर लागलेलं बरं.