खाडीतला भराव नकाशावर दाखवायचाय? आधी एवढं करा

मस्त, सुरुवात कराच, पण लगेच ड्रोन-बिन घ्यायला धावू नका. गूगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर फुकट आहे, त्यात घड्याळाच्या चिन्हावर क्लिक केलं की जुने सॅटेलाइट फोटो दिसतात, आपल्या खाडीचा एकच तुकडा धरा आणि एकेक वर्ष मागे जात बघा.

नवीन माणसाची हमखास चूक म्हणजे एक फोटो भरतीचा, दुसरा ओहोटीचा, आणि उघडा पडलेला चिखल बघून "भराव टाकला!!" म्हणून पोस्ट. मीपण केलंय हे, लोकांनी धुतला मला. त्यामुळे आधी जाऊन बघा, तिवरं (खारफुटीची झाडं) खरंच तुटलीत का, डेब्रिज पडलंय का.

पोस्ट टाकताना:
- फोटोची तारीख आणि अक्षांश-रेखांश हवेतच
- नाव घेऊन आरोप नको, दिसतं तेवढंच लिहा
- पक्ष्यांच्या घरट्याचं लोकेशन कध्धीच नाही (आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर ते झाकता येतं)

आणि लाइक मोजत बसू नका, तेच फोटो वनखात्याच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाकडे तक्रारीत जोडा, २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातलीय त्याचा उल्लेख करा. क्यूजीआयएस वगैरे नकाशे बनवायची सॉफ्टवेअर नंतर बघू.