सासूबाई चहात गोळी घालतात, चालेल का?

प्रश्न : माझा धाकटा दीर २७ वर्षांचा आहे, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. गेल्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले, शेजारचे पाळत ठेवतात म्हणायचा, रात्र रात्र जागा. आधी बाहेरचं म्हणून उतारे झाले मग डॉक्टर केले, त्यांनी सायकोसिस, म्हणजे भास-संशयाचा मानसिक आजार सांगितला. गोळ्यांनी खूप फरक पडला. आता म्हणतो मी बराय, गोळी घेणार नाही. म्हणून सासूबाई गोळी कुटून त्याच्या चहात घालतात, त्याला माहीत नाही. मला पटत नाही पण बोलायची सोय नाही. गोळ्या किती दिवस लागतील आणि कामावर कधी पाठवायचं?
— नाव छापू नका, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. सासूबाई घाबरल्यात, हेतू वाईट नाही त्यांचा. पण या आजारात संशय हेच मोठं लक्षण, आणि एक दिवस कपाच्या तळाशी चुरा दिसला की "माझ्या खाण्यात काहीतरी घालतात" हे त्याचं म्हणणं खरंच ठरलं की हो, मग तो घरचं जेवणही सोडेल. शिवाय काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या कुटायच्याच नसतात, आणि अर्धा चहा ओतून दिला तर डोस किती गेला कुणाला कळणार? डॉक्टर तिकडे समजतात पेशंट नीट घेतोय.

पण उद्यापासून एकदम बंदही करू नका. आधी डॉक्टरांना सगळं खरं सांगा, अगदी चहाचंसुद्धा.

मग त्याला विचारा गोळी का नको. "मी बराय" हे अर्धं कारण असतं. दिवसभर झोप, वजन वाढणं, अंग आखडणं, पाय एका जागी न ठरणं, यातलं काहीतरी गोळीमुळे बऱ्याचदा होत असतं. लैंगिक त्रासही होतो काहींना आणि तो काय वहिनीपुढे किंवा आईपुढे बोलणार नाही, म्हणून डॉक्टरांकडे दहा मिनिटं तरी त्याला एकट्याला बसू द्या. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, रोजची कटकट नको असेल तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायचं इंजेक्शनही असतं, आणि ते त्याला सांगून, त्याच्या मर्जीनं.

पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटायला लागल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू उतरवतात. स्वतःहून सोडलं तर बऱ्याचदा लगेच काही होत नाही, तिथंच फसगत होते, आजार बहुतेकदा काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी उलटतो.

कामावर जाऊ दे की, रिकामं बसून माणूस जास्त खचतो. फक्त रात्रपाळी नको, झोप मोडली की आजार डोकं वर काढतो, आणि गोळीची गुंगी असेपर्यंत लूमवर उभं करू नका, पॅकिंग-घडीचं काम बघा, सुरुवातीला अर्धा दिवस. गांजा ओढत असेल तर तो आधी बंद. आणि नातेवाईक लग्न करून द्या म्हणजे सुधारेल म्हणतील, त्यांचं बिलकुल ऐकू नका, आधी त्याची तब्येत स्थिर होऊ दे आणि मुलीला सगळं सांगूनच पुढे जा.

तो बरा आहे तोवर त्याच्यासोबतच बसून लिहून काढा, मागच्या वेळी आधी काय बिघडलं, झोप की चिडचिड, आणि पुन्हा तसं झालं तर कुणाला फोन करायचा, कुठं न्यायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं स्वतःच्या उपचाराबद्दल आधीच लिहून ठेवायचा आणि आपल्या वतीनं बोलणारा माणूस नेमायचा हक्क त्याला आहे.

खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. सासूबाईंना टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलायला लावा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं आणि घरात तेलुगू बोलत असाल तर तेलुगूतही. जीव देण्याच्या गोष्टी करायला लागला किंवा आवाज त्याला काही करायला सांगतायत असं म्हणाला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.